मोरीतसुद्धा

आईने अंगाला पाणी लावू द्यायचं बंद केलं, तेव्हा मला आधी वाटलं, पाणी गार असेल. मग वाटलं, जास्त गरम असेल. मग मी साबण बदलला, टॉवेल बदलला, शेवटी बादलीसुद्धा बदलली. माणूस दमला की असंच करतो, ज्याचा काही संबंध नाही ते बदलत बसतो. आई मात्र चादर हनुवटीपर्यंत ओढून, दोन्ही मुठींत घट्ट धरून पडून राहायची आणि म्हणायची, "नको. तो बघतोय."

"कोण बघतोय?"

"तो."

बोट वर करायची तिला गरज नव्हती. बाबांना ती जन्मभर "हे" म्हणायची. "तो" आमच्या घरात एकच होता, आणि तो सगळीकडे असतो हे आम्हाला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलेलं होतं.

शिकवलेलं तिनेच. चर्चमधली रविवारची शाळा आईने इतकी वर्षं चालवली, की ज्यांचे केस आता पिकलेत तेही तिला अजून "बाई" म्हणतात. तिचे धडे पुष्कळ होते, पण गाजलेला एकच. वर्ग पेंगायला लागला की ती टेबलावर पट्टी आपटायची आणि विचारायची, "देव कपाटात आहे?" पोरं ओरडायची, "आहे!" "पलंगाखाली?" "आहे!" "विहिरीच्या तळाशी?" "आहे!" मग ती आवाज खाली आणायची, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघायची आणि हळूच विचारायची, "मोरीत?" त्यावर अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा आणि एका दमात ओरडायचा, "मोरीतसुद्धा!" या एका शब्दासाठी पोरं रविवारी वेळेवर यायची.

घरी हा धडा हसण्यावारी नव्हता. घरी तो साखरेच्या डब्याला लावलेला होता. मी पलंगाखाली बसून साखर खात असले, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "छोटे, तो बघतोय हं!" भिंतीपलीकडून हिला कसं कळतं, याचं मला भारी नवल वाटायचं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मीच खोकायचे हे माझ्या ध्यानात यायचं नाही. पुढे मोठी व्हायला लागल्यावर तर मी परकर छातीवर बांधूनच अंघोळ करायचे. का, तर मोरीतसुद्धा. कितीतरी वर्षं मी ओल्या परकराने कुडकुडत उभी राहिले आणि आईला त्याचा पत्ता नव्हता. असता, तर तिला अभिमानच वाटला असता.

तर असा तो बघणारा. आणि योगायोग असा, की मला नोकरीही बघण्याचीच लागली. मी कापडाच्या कारखान्यात तपासणीला आहे. काचेचं एक मोठं टेबल, काचेखाली दिवे, वरून सबंध तागा सरकत जातो आणि मी बघते. गाठ, तुटलेला धागा, तेलाचा डाग, जिथे काही दिसेल तिथे खडूची खूण. कापड चांगलं असेल तर त्याबद्दल काही करायचं नसतं. चांगलं कापड आपलं निघून जातं, लक्षातही राहत नाही. लक्षात राहतात ते डाग. देवाचं काम असंच असावं अशी माझी बरीच वर्षं समजूत होती: वरून दिवा, खालून दिवा, आणि हातात खडू.

आई पडली आणि तिचे पाय गेले. पायांच्या मागोमाग एकेक गोष्ट जायला लागली. आधी आठवणीतून वार गेले, मग शेजाऱ्यांची नावं, मग नातवाचं नाव. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, ती कधी ओळखते, कधी गॅस सिलिंडरवाला समजून बाहेरच उभं राहा म्हणते. पण धडा गेला नाही. सगळं घर धुऊन गेल्यावर एखादा खिळा भिंतीत राहावा तसा तो राहिला, आणि एके दिवशी तिचा स्वतःचाच पदर त्यात अडकला. डायपर बदलताना तिने माझा हात धरला. "छोटे, या असल्या अवस्थेत... तो बघतोय गं." आणि त्यानंतर चादर काही सुटेना.

मी ओढून घेतली असती. एकदा ओढलीही. ती इतकी लहान होऊन रडली, की मी चादर परत घातली, चारी बाजूंनी खोचली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. नंतर डायपर तेवढा चादरीखालून चाचपडत बदलायचे, आंधळ्यासारखी. बाकी अंग तसंच.

त्यात पाठीला जखम झाली, माकडहाडाच्या जरा वर. पट्टी करायला येणारी सिस्टर आधी रुपयाएवढी म्हणाली, पुढच्या खेपेला काहीच म्हणाली नाही, नुसती बघत राहिली. मग मला दाराबाहेर नेऊन म्हणाली, "ताई, रोज स्वच्छ धुतलं गेलं पाहिजे. नाहीतर ही हाडापर्यंत जाईल. मग माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही."

दादाला फोन केला. दादा दुसऱ्या शहरात असतो आणि तिथून तो आईची काळजी घेतो, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतो. इतकी वर्षं त्याचं उत्तर ठरलेलं: "बघू." आईला चाकाची खुर्ची घ्यायची का? बघू. रात्रीला बाई ठेवायची का? बघू. उन्हाळ्यात आठ दिवस तुझ्याकडे नेतोस का? बघू की. या वेळी मात्र तो "बघू" म्हणाला नाही. म्हणाला, "मी बघून ठेवलीये एक जागा."

वृद्धांची संस्था होती. स्वच्छ आहे, डॉक्टर रोज येतो, खिडकीतून झाडं दिसतात. "आणि अंघोळीचं म्हणशील तर तिथे सवय आहे त्यांना अशा लोकांची," दादा म्हणाला. "दोघी जणी धरतात, तिसरी धुते. दहा मिनिटांत मोकळं. रडारड काय, करतात सगळेच."

"दादा, आईला धरून?"

"मग जखम तशीच ठेवायची? तू सांग. तुझ्याच्याने होतंय का?"

 होत नव्हतं.

"शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "तोवर तिने करू दिलं, तर ठीक. नाहीतर आपण दोघं मिळून नेऊ तिला."

फोन ठेवला आणि खरं सांगते, मला पहिल्यांदा काय दिसलं असेल तर आईची रिकामी खोली. खिडक्या सताड उघड्या, गादी उन्हात, आणि मी कारखान्यातून येऊन चप्पलसुद्धा न काढता आडवी. इतकी गाढ झोप दिसली मला, की तोंडाला पाणी सुटलं. त्यानंतर दिसल्या त्या दोघी धरणाऱ्या. जिने बाबांसमोरही कधी केस मोकळे सोडले नाहीत, तिचे हात एकीने धरलेत, पाय दुसरीने, आणि आई छताकडे बघून कोणाची तरी माफी मागतेय. मी दमले होते. हे वाक्य मी कोणाला बोलून दाखवत नसे, कारण दाखवलं की लोक म्हणतात, "देव बघतोय सगळं." त्याने बघून बघून करायचं काय, हे मात्र कोणी सांगत नाही.

शनिवारपर्यंत मी सगळे उपाय केले. मोरीतला दिवा काढून ठेवला आणि म्हटलं, "चल आई, अंधार आहे. कोणाला काही दिसायचं नाही." तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "त्याला अंधार लागतो का गं? त्याला रात्र नि दिवस सारखाच."

पलंगासमोरच्या भिंतीवर तिनेच लग्नाआधी भरलेली एक चौकट आहे, निळ्या दोऱ्याने, "तो येथे आहे". ती मी फिरवून भिंतीकडे तोंड करून लावली. आईने पाच मिनिटं त्या पाठीच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "उलटा केला म्हणून तो काय भिंतीत बघत बसणार आहे? लहान आहेस का तू?"

मग मी खोटं बोलले. म्हटलं, आता चर्चमध्ये उपासना चाललीये, तो तिकडे गेलाय, तेवढ्यात आपण उरकून घेऊ. यावर ती एकदम ताठ झाली. नातवाचं नाव न आठवणारी बाई, आवाजात पट्टी आपटल्यासारखी म्हणाली, "तिकडे गेलाय? म्हणजे इथे नाही? मी हे शिकवलं होतं तुला?" मी मान खाली घालून "नाही बाई" म्हणाले. सवयीने तोंडातून निघून गेलं.

शेजारची मावशी दिवसा आईजवळ बसते. तिचं बोलणं कधी थांबत नाही म्हणून आम्ही तिला रेडिओमावशी म्हणतो. तिला ते माहीत आहे आणि आवडतं. ती म्हणाली, "अगं, तुमच्या पाळकसाहेबांना बोलाव. ज्याचं दुखणं त्याचाच वैद्य हवा." ही गोष्ट मलाच सुचायला हवी होती. डोकं चालेनासं झालं होतं.

पाळकसाहेब संध्याकाळी आले. वयाने माझ्याहून लहान, त्या दिवशी एक दफन आणि एक समिती उरकून आलेले, डोळे लाल. हेही आईचेच विद्यार्थी. खुर्ची ओढून पलंगाशी बसले आणि म्हणाले, "बाई, ओळखलंत का मला?"

आईने निरखून पाहिलं. "फळा पुसायच्या फडक्याला नाक पुसायचास तू."

"तोच मी," पाळकसाहेब म्हणाले, आणि त्या खोलीत कितीतरी दिवसांनी कोणीतरी हसलं.

त्यांना मी फोनवर सांगितलं होतं: आई घाबरते, पाणी लावू देत नाही, तिला जरा धीर द्या. कशाला घाबरते हे सांगायला मी लाजले. घोडं तिथेच पेंड खात होतं. माणसाने आपल्या माहितीप्रमाणे धीर द्यायला सुरुवात केली. "बाई, घाबरायचं नाही. आपण एकटे नसतो. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? देव कपाटात आहे?"

आईच्या ओठांवर हसू आलं. "आहे."

"पलंगाखाली?"

"आहे."

"विहिरीच्या तळाशी?"

"आहे," ती म्हणाली, आणि मला पुढचं ऐकू यायला लागलं. मी दारातून हात हलवला, डोळे मोठे केले. पण पाळकसाहेब रंगात आले होते. पुढे झुकले, आवाज खाली आणला, अगदी तिच्यासारखा, आणि विचारलं, "मोरीत?"

आईचं हसू गेलं. तिने चादर नाकापर्यंत ओढली. चादरीच्या आतून, पाठ असलेलं उत्तर द्यायलाच हवं म्हणून, तिने दिलं. "मोरीतसुद्धा."

नंतर त्यांनी प्रार्थना केली. चांगली केली. आईने "आमेन" म्हटलं आणि मुठी तशाच आवळलेल्या ठेवल्या. जिन्यात ते मला म्हणाले, "ताई, काहीतरी चुकलं ना माझं?" तेव्हा मी खरं कारण सांगितलं. ते कठड्याला धरून उभे राहिले.

"मी बाईंना धीर द्यायला म्हणून..."

"धडा बरोबरच आहे साहेब," मी म्हटलं. "कुठेच चूक नाही. म्हणून तर तिला पळायला जागा नाही."

"मी पुन्हा येतो. समजावून सांगतो, तो रागाने नाही बघत. मी प्रार्थना करतो तुमच्यासाठी."

"करा. आणि जमलं तर एक माणूस पाठवा, रात्री कूस बदलायला."

हे बोलायला नको होतं. बोलून झाल्यावर वाटलं. बिचारे जिना उतरून गेले, आणि वाकलेली पाठ बघून माझ्या ध्यानात आलं की त्यांनाही घरी जाऊन कोणी जेवायला वाढणारं असेल-नसेल, मी विचारलंही नाही.

शनिवारी दादा सकाळीच आला. खाली गाडी उभी, आत ड्रायव्हर पेपर वाचतोय. वहिनीने एका पिशवीत नवा गाऊन, टाल्कम पावडर आणि बिस्किटं दिली होती. दादा आईच्या खोलीत गेला आणि दोन मिनिटांत स्वयंपाकघरात आला. नाकाला रुमाल होता.

"छोटे, वास येतोय अगं."

मी गॅसवर पाणी तापवत होते. रोज तापवायचे. रोज ते थंड व्हायचं आणि रोज मी ते ओतून द्यायचे.

"येणारच," मी म्हटलं.

"म्हणजे इतके दिवस अशीच? तुझं लक्ष नाही का? आईला कोणी बघतंय की नाही?"

बोलायचं म्हणून बोलला तो. मला माहीत आहे, लाज वाटली की तो ओरडतो, लहानपणापासून. पण माझ्या हातात पातेलं होतं आणि ते मी ओट्यावर असं आदळलं की पाणी उसळून माझ्याच पायावर आलं.

"मी बघतेय!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "कोण बघतंय म्हणून विचारतोस? तू? फोनवरून 'बघू, बघू'? तिचं हगलं-मुतलं कोण काढतं? रात्री चारदा उठून कूस कोण बदलतं? भाकरीचा घास चावून-कुस्करून कोण भरवतं, आणि तिने तो थुंकला की पुन्हा कोण भरवतं? मी! तिला मीच बघते! सगळं बघते! घाण बघते, जखम बघते, ती वेड्यासारखं बोलते ते बघते, तरी दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा तिलाच बघते! आणि आज तू रुमाल लावून..."

पुढचं येईना. पाय भाजत होता. दादाने रुमाल खाली घेतला होता आणि तो फरशीवरच्या पाण्याकडे बघत होता. 

तेवढ्यात आतून हाक आली. "छोटे."

आम्ही दोघंही घाबरलो, चोरी पकडल्यासारखे. मी डोळे पुसून आत गेले. आईच्या मुठीत चादर होतीच, पण ती छताकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"तू बघतेस मला?"

"ऐकलंस होय? काही नाही आई, ते आमचं आपलं..."

"तू बघतेस?" पुन्हा तेच. पट्टी हातात असती तर आपटली असती.

"हो आई. मीच बघते."

"सगळं?"

"सगळं."

"घाणसुद्धा?"

"तीसुद्धा."

ती विचार करायला लागली. हल्ली तिचा विचार चेहऱ्यावर दिसतो, हळूहळू चालत येणाऱ्या माणसासारखा. "किळस नाही येत तुला?"

खोटं बोलण्याची ताकद राहिली नव्हती. "येते कधीकधी. पण म्हणून काय झालं?"

"तरी बघतेस."

"तरी बघते."

"खुणा करायला नाही."

मी दचकले. माझ्या टेबलाची, खडूची गोष्ट मी तिला कधीतरी सांगितली असणार. तिच्यात कुठेतरी ती राहिली होती. "नाही आई. घरी कसला खडू?"

 खाली ड्रायव्हरने गाडीचं दार आपटलं. मग आईने अगदी हळू, मोरीचा प्रश्न विचारायची त्या आवाजात, विचारलं, "मग तो पण... असंच बघत असेल का गं?"

मी पाळक नाही. रविवारी सुट्टी असते म्हणून मी बरेच महिने चर्चच्या वेळी झोपलेली असते. माझं आणि त्याचं बोलणं केव्हाच बंद पडलं होतं, भांडण न होता, एखाद्या नातेवाइकाशी पडतं तसं. तिला धीर द्यायला मी आठवडाभर काय काय खोटं बोलले होते. हे खरं आहे की खोटं, मला माहीत नव्हतं. पण आयुष्यभर ज्या शब्दाला मी भ्यायले, तोच शब्द मी मघाशी घसा फोडून स्वतःबद्दल ओरडले होते, आणि त्यात भीती घालण्यासारखं काही नव्हतं. होता तो नुसता थकवा, आणि तिला न सोडणं.

"असेल," मी म्हटलं. "असाच बघत असेल."

आईने मूठ उघडली. एक, मग दुसरी. बोटं इतकी आखडली होती की मला ती सरळ करून द्यावी लागली.

"मोरीत ने मला," ती म्हणाली.

दादाला हाक मारली. आम्ही दोघांनी मिळून तिला उचललं. ती किती हलकी झालीये हे त्याला ठाऊक नव्हतं, त्याने उगीच जास्त जोर लावला आणि कावराबावरा झाला. मोरीत मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची होती, तीवर तिला बसवलं. दादा लगेच बाहेर गेला आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला. "पाणी लागेल तसं सांग, मी देतो," तो भिंतीला म्हणाला.

"अंधार का इथे?" आईने विचारलं.

"दिवा काढून ठेवलाय ना मी."

"लाव की मग. दिसायला नको का?"

दादाने मागे हात करून दिवा दिला, मी स्टुलावर चढून लावला. उजेडात तिचं अंग दिसलं. माझ्या नोकरीने मला एक सवय लावलीये, जे दिसेल त्यात आधी डाग शोधायचा. त्या सकाळी माझ्यात तेवढंही त्राण नव्हतं. मी नुसतं बघितलं. खांदे, सुरकुतलेलं पोट, बारीक झालेल्या मांड्या, पाठीची लाल जखम. आईच होती सगळी. मी पाणी घातलं. ती शहारली, पण तिने हात आडवे धरले नाहीत.

मान झाली, हात झाले. जखमेपाशी मी कापसाने अगदी हळू केलं, सिस्टरने दाखवलं होतं तसं. आई "स्स" म्हणाली, मग म्हणाली, "कर, कर." गरम पाण्याचा तांब्या दाराच्या फटीतून आत येत होता, दादाचा नुसता हात दिसत होता. भरलेला तांब्या आत, रिकामा बाहेर. इस्त्री केलेली बाही कोपरापर्यंत भिजली होती.

मी खाली बसून तिचे पाय धूत होते. माझं डोकं तिच्या गुडघ्याशी होतं. तिने ओला हात माझ्या केसांवर ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"छोटे, तुझे केस पांढरे झाले."

"केव्हाच झाले आई."

"तुला कोण बघतं?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. दादाने नाही, सिस्टरने नाही, पाळकसाहेबांनी नाही, मीही नाही. साबण हातातून निसटून नळाखाली गेला. तो शोधायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं आणि म्हटलं, "कोणी नाही."

आईने हात माझ्या डोक्यावर जरा दाबला. मग तिने मान वर केली, दिव्याकडे, छताच्या ओल आलेल्या कोपऱ्याकडे, आणि वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या ओळखीच्या पोराला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "ऐकलंस ना? हिला बघ जरा. फार दमलीये ती."

दाराबाहेर तांब्या बादलीवर आपटला. दादाचा आवाज आला, घोगरा. "हो आई. बघतो."

मी ओठ चावला. आईने मान वळवून दाराच्या फटीकडे पाहिलं, तिथल्या त्या ओल्या बाहीकडे.

"तुला नव्हतं सांगत," ती म्हणाली. मग जरा विचार केला. "पण बघ. तूही बघ."

खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. दादा तांब्या माझ्या हातात देऊन, तसाच भिजलेला, त्याला परत पाठवायला जिना उतरून गेला. तो वर येईपर्यंत मी आईची पाठ कोरडी केली आणि तिला वहिनीने पाठवलेला नवा गाऊन घातला.